लिहिलं म्हणजे नक्की कुठे लिहिलं?

गिरगाव म्हटलं की लोकांना चाळी आठवतात, केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती आठवतो, खोताची वाडी आठवते. मला बँका आठवतात. शामराव विठ्ठल १९०६ ची, एनकेजीएसबी १९१७ ची, सारस्वत १९१८ ची. दहा-बारा वर्षांच्या काळात गिरगाव-गावदेवीच्या टापूतल्या माणसांनी आपापसात पैसे गोळा करून बँका उभ्या केल्या. आणि या सगळ्या बँका एका वस्तूच्या भरवशावर चालायच्या. जाड पुठ्ठ्याचं, दोन हातांनी उचलावं लागणारं लेजर.

लिहायचंय मात्र युनिक्स सर्व्हरच्या सेटिंग्जबद्दल. डेटाबेस चालतोय एका मशीनवर आणि त्याच्या फायली नेटवर्कच्या पलीकडे दुसऱ्याच डब्यात, अशा वेळी युनिक्समधले जे स्क्रू पिळावे लागतात, त्यांच्या इतिहासाबद्दल. पोटापाण्यासाठी बरीच वर्षं मी हेच केलं. घरच्या मंडळींनी लगेच खिडकी बंद करू नये. काका येणार आहेत गोष्टीत.

काका म्हणजे माझे सख्खे काका. राहायला ठाकुरद्वारला, नोकरी फोर्टातल्या एका बँकेत, क्लार्क. लेजर कसं चालतं ते मी त्यांच्याकडून ऐकलं. क्लार्क व्हाउचरवरून खात्यात नोंद करणार, नवी शिल्लक काढणार. मग ते पान ऑफिसरसमोर जाणार, तो व्हाउचर आणि नोंद ताडून बघणार आणि कडेला बारीकशी सही करणार. ती सही पडेपर्यंत नोंद 'झाली' असं बँकेत कुणी म्हणत नसे. शाई वाळली तरी नाही. जून आणि डिसेंबरअखेर सगळी बुकं बॅलन्स करायची. एका पैशाचा जरी फरक आला तरी तो सापडेपर्यंत माणसं घरी येत नसत. 'डिफरन्स' हा शब्द आमच्याकडे इतका रुळला होता की काकू ताट झाकून ठेवताना म्हणायची, "आज डिफरन्स आहे, तुम्ही जेवून घ्या."

१९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दलचा करार झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन यायला लागली. काका तेव्हा मोर्च्यात होते. त्याच्या आधी दोनच वर्षं, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि लालबाग-परळच्या कित्येक घरांत तो संप कधी संपलाच नाही. त्यामुळे 'यंत्र आलं की माणूस जाणार' ही भीती मुंबईत कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

पण काकांचा मुद्दा निव्वळ नोकरीचा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते म्हणायचे, "अरे, लेजरात खाडाखोड केली तर दिसते. या डब्यात कोणी काय लिहिलं, कधी लिहिलं, मुळात लिहिलं तरी का, ते बघायचं कोणी?" घरातली आम्ही पोरं यावर हसायचो. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता.

आता युनिक्स या सगळ्यात कुठून आलं? आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली. ऐंशीच्या दशकात एचसीएल, विप्रो वगैरे देशी कंपन्या आपापली मशीनं बनवू लागल्या, आणि प्रत्येकाचं हार्डवेअर वेगळं असलं तरी वर चालणारी व्यवस्था एकच असावी म्हणून युनिक्स सोयीचं पडलं. बँकांच्या खरेदीने त्याला मोठा हात दिला. एक मशीन आणि त्याला वायरींनी जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, असं दृश्य कित्येकांनी पहिल्यांदा पाहिलं ते पासबुक भरायला गेल्यावर.

गंमत अशी की युनिक्सचा जन्म (१९६९, बेल लॅब्स) हिशेबासाठी झालेलाच नव्हता. प्रोग्रामने 'लिही' म्हटलं की युनिक्स 'लिहिलं' असं उत्तर देऊन मोकळं होतं. प्रत्यक्षात ते अक्षर मेमरीत ठेवलेलं असतं, डिस्कवर नंतर सवडीने जातं. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी एक छोटा प्रोग्राम उठून साचलेलं सगळं डिस्कवर ढकलायचा. मधल्या काळात वीज गेली तर? गेलं. म्हणून जुनी माणसं मशीन बंद करण्याआधी 'सिंक' ही कमांड तीनदा टाइप करायची. तीनदा का, याची दहा उत्तरं ऐकली आहेत. मला पटलेलं उत्तर एवढंच, की दुसरी-तिसरी टाइप करेपर्यंत पहिलीचं काम उरकत असे :)

प्रबंध लिहिणाऱ्याचं यात फार बिघडत नाही. बँकेचं बिघडतं. म्हणून डेटाबेसवाल्यांनी युनिक्सवर विश्वास टाकायचा नाही असंच ठरवलं. त्यांनी 'रॉ डिव्हाइस' वापरायला सुरुवात केली, म्हणजे युनिक्सच्या फाइल व्यवस्थेला बगल देऊन थेट डिस्कच्या तुकड्यावर लिहायचं. नोंद पक्की झाली की नाही ते आमचं आम्ही बघू, तू मध्ये येऊ नकोस!

दुसरी भानगड मेमरीची. डेटाबेसचे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालतात आणि सगळ्यांना एकच पाटी समोर हवी असते. मूळ युनिक्समध्ये अशी सामायिक पाटी नव्हती. ती आली ओहायोतल्या कोलंबसहून. तिथल्या बेलच्या माणसांना टेलिफोन कंपन्यांच्या नोंदी सांभाळायच्या होत्या, म्हणून त्यांनी आपल्या युनिक्समध्ये शेअर्ड मेमरी, सेमाफोर आणि मेसेज ही तीन अवजारं घातली. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमधून ती सगळीकडे पोचली. पुढे हजारो अॅडमिननी ज्या 'एसएचएममॅक्स'च्या नावाने बोटं मोडली, तो आकडा म्हणजे या पाटीच्या एका तुकड्याचा कमाल आकार. लिनक्समध्ये तो वर्षानुवर्षं ३२ एमबी होता. मशीनमध्ये ८ जीबी मेमरी, ऑरॅकलला हवी २ जीबीची पाटी, आणि कर्नल म्हणतो ३२ एमबीच्या वर एक तुकडा मिळणार नाही! सोलॅरिसमध्ये हाच आकडा एका फायलीत लिहून मशीन पुन्हा सुरू करावं लागे, आणि चालू बँकेचं मशीन पुन्हा सुरू करायला रविवारची रात्रच मिळायची. लिनक्सने ही मर्यादा व्यवहारात काढून टाकली ती २०१४ साली.

असो. आमच्या पिढीकडे येतो.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खातं मिळायचं, फक्त अक्षरांचं, चित्रं नाहीत. मॉडेमची किरकिर संपली की समोर यायचा तो युनिक्सचा प्रॉम्प्ट. माझ्यासारख्या कित्येकांची युनिक्सशी पहिली ओळख अशी झाली, आणि मग पावलं दादरच्या क्लासेसकडे वळली. स्टेशनबाहेर भिंतीवर, लोकलच्या डब्यात, सगळीकडे 'युनिक्स, सी, ऑरॅकल' हे त्रिकूट. वायटूकेची लाट होती. आमच्या बॅचमध्ये गिरणी कामगारांची मुलं बरीच होती. संध्याकाळी भारतमाताच्या बाजूने चालत यायची, फी हप्त्याने भरायची. पुढे त्यांतल्या काहींना नोकऱ्या लागल्या त्या लोअर परळला, गिरण्यांच्या आवारात उठलेल्या ऑफिसांत. एकाच्या वडिलांनी ज्या आवारात साचे चालवले, तिथेच मुलगा रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायला. भोंगा तेवढा नव्हता.

तोवर सरकारी बाजूनेही रेटा आला होता. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर आणायला सांगितलं. कारण भ्रष्टाचाराला आळा! म्हणजे ज्या डब्यात कोणी काय लिहिलं ते दिसत नाही अशी काकांची तक्रार होती, तोच डबा आता लबाडी पकडणारा म्हणून आणला जात होता. १९९६ मध्ये एनएसडीएल सुरू झाली. पुढे बरीच वर्षं तिचं ऑफिस लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात होतं. ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली जपून ठेवलेले शेअर्सचे कागद बघता बघता डीमॅट झाले, म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ झाले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, लाखाहून अधिक लोकांनी ती घेतली. काकांनीही. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. घरात दोन्ही पेढे एकदम वाटले गेले. ते प्रकरण वाटतं तेवढं गोड नव्हतं.

आणि याच सुमाराला डेटाबेसच्या फायली नेटवर्कपलीकडे जाऊ लागल्या.

मुळात एनएफएस ही सनची निर्मिती, १९८४ ची. हेतू साधा. इंजिनिअरांच्या टेबलावरच्या मशीनना एकमेकांच्या फायली वापरता याव्यात. तिचा मोठा गुण म्हणजे सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही. कोणी कोणती फाइल उघडली, कुठपर्यंत वाचली, काही नाही. त्यामुळे सर्व्हर पडला आणि पुन्हा उठला तर क्लायंटने तीच मागणी पुन्हा करायची, बास. याची किंमतही होती. सर्व्हरने 'लिहिलं' असं उत्तर द्यायच्या आधी ते खरोखर डिस्कवर गेलेलंच असलं पाहिजे, असा दुसऱ्या आवृत्तीचा नियम होता. ऑफिसरच्या सहीचाच नियम म्हणा ना! पण त्यामुळे लिहिणं भयंकर हळू चाले. मग पळवाटा निघाल्या. सुरुवातीच्या लिनक्समध्ये तर 'एसिंक' हाच डिफॉल्ट होता. म्हणजे सर्व्हर मेमरीत ठेवून खुशाल 'लिहिलं' म्हणायचा. २००२ नंतर हे बदललं. प्रामाणिक उपाय दोन निघाले. एक, १९९२ मध्ये सुरू झालेल्या नेटअॅपसारख्यांनी सर्व्हरमध्ये बॅटरीवर जिवंत राहणारी मेमरी घातली. आधी नोंद तिच्यात, उत्तर लगेच, डिस्क मागाहून. वीज गेली तरी नोंद शाबूत. दुसरा, १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'कमिट' आलं. आधी भराभर पाठवा, शेवटी एकदा 'पक्कं झालं का?' विचारा. फाइल २ जीबीपेक्षा मोठी नसावी ही अडचणही त्याच आवृत्तीने काढली.

कंपन्यांना यात रस असण्याचं कारण पैशाचं होतं. प्रत्येक सर्व्हरला वेगळ्या डिस्का घेण्यापेक्षा एकच मोठा डबा परवडतो, सर्व्हर मेला तर दुसरा उभा करून त्याच फायली जोडता येतात, आणि शेकडो जीबीची सेकंदात 'स्नॅपशॉट' प्रत निघते. टेपवर तेच करायला रात्र जायची.

पण डेटाबेस असा ग्राहक आहे की जो आपल्याच डिस्कवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याला आता सांगायचं की तुझी डिस्क वायरच्या पलीकडे आहे. सगळं ट्यूनिंग म्हणजे या दोघांमधली मध्यस्थी. मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेल्या या पर्यायांपैकी काहींमागे मोठी प्रकरणं आहेत. युडीपीचंच बघा. जुनं एनएफएस युडीपीवर चाले आणि ८ केबीचा गठ्ठा पाठवी. इथरनेटवर एका वेळी मावतात १५०० बाइट. म्हणजे एका गठ्ठ्याचे सहा तुकडे, आणि एक हरवला की सगळे पुन्हा. इथपर्यंत फक्त वेळ जातो. पण प्रत्येक गठ्ठ्याला जो नंबर मिळतो तो १६ बिटांचा, ६५,५३६ नंतर पुन्हा पहिल्यापासून. गिगाबिट नेटवर्क भरधाव चालत असेल तर पाचेक सेकंदांत नंबर परत फिरून येतात. हरवलेल्या गठ्ठ्याचे उरलेले तुकडे मात्र लिनक्समध्ये ३० सेकंद वाट बघत बसलेले असतात. मग जुन्या गठ्ठ्याला नव्याचा तुकडा चिकटू शकतो. चेकसमही १६ बिटांचा, तो क्वचित फसतो. फसला तर कुठलीही चूक न दाखवता चुकीचा मजकूर डेटाबेसमध्ये जातो. कोणत्याही लॉगमध्ये न दिसणारा डिफरन्स! डेटाबेसला टीसीपीच वापरा, हा आग्रह उगाच नाही.

बाकीचे स्क्रू यापुढे सौम्य. लिनक्स एका वेळी एनएफएसच्या १६ च मागण्या बाहेर ठेवायचं, सतरावी रांगेत. बँकेत पितळी टोकनं १६ असावीत आणि गिऱ्हाइकं दोनशे, तसं. ते १२८ केलं की डेटाबेस मोकळा श्वास घ्यायचा. 'नोएसी' हा पर्याय फायलीची माहिती (आकार, वेळ) लक्षात ठेवू नको म्हणून सांगतो, एरवी क्लायंट ती ३ ते ६० सेकंद जुनी चालवून घेतो. दोन सर्व्हर एकाच डेटाबेसवर असतील तर ६० सेकंद जुनी माहिती परवडत नाही. १५०० ऐवजी ९००० बाइटच्या 'जंबो' फ्रेम्सही करता येतात, पण मधला प्रत्येक स्विच तसा लावलेला हवा. एक जरी राहिला की दोन दिवस शोधत बसा.

आणि 'हार्ड' की 'सॉफ्ट'. सर्व्हर उत्तर देत नसेल तर सॉफ्ट थोडा वेळ वाट बघून प्रोग्रामला 'जमलं नाही' असं सांगतं. हार्ड वाट बघत राहतं. तास, दिवस, कितीही. तेव्हा तो प्रोग्राम 'किल'लाही जुमानत नसे. वापरणाऱ्याला सॉफ्ट आवडतं, कारण मशीन गोठत नाही. डेटाबेसला सॉफ्ट म्हणजे अर्धवट लिहिलेलं पान.

२६ जुलै २००५ ला मी लोअर परळच्या एका ऑफिसात होतो (नाव नको). सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, दुपारीच गाड्या थांबल्या आणि आम्ही वीस-पंचवीस जण रात्रभर तिथेच. रात्री कधीतरी स्टोरेज आणि सर्व्हर यांच्या मधल्या स्विचचा यूपीएस संपला. सर्व्हर चालू, स्टोरेज चालू, मध्ये काळोख. कन्सोलवर 'सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे' अशी ओळ आणि सगळं स्तब्ध. अॅप्लिकेशनची मंडळी म्हणाली, मशीन बंद करून चालू करा. आमचा टीम लीडर, लालबागचाच, शांतपणे म्हणाला, "कोणी हात लावायचा नाही." सेटिंगच्या फायलीत त्या ओळीवर पूर्वीच्या कुणा अॅडमिनने शेरा लिहून ठेवला होता, की हे हार्डच ठेवा, कारण विचारायचं असेल तर विचारा. तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. दोन-अडीच तासांनी जनरेटरवरून स्विचला वीज मिळाली. कन्सोलवर 'सर्व्हर ओके' आलं आणि डेटाबेस जिथे थांबला होता तिथून पुढे लिहू लागला, जणू मध्ये काही झालंच नाही. सकाळी आम्ही सगळं ताडून बघितलं. बुकं टॅली होती.

दुसऱ्या दिवशी चालत गिरगावात पोचलो तेव्हा काकांना हे सांगितलं. त्यांना एनएफएस वगैरे काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे समोरून सही आल्याशिवाय तो पुढे गेला नाही?" मी म्हटलं, "नाही गेला." काका म्हणाले, "मग बरोबर आहे," आणि पेपर उघडला.

ऑरॅकलने २००७ मध्ये डेटाबेसमध्येच स्वतःचा एनएफएस क्लायंट घातला, रॉ डिव्हाइसच्या काळासारखीच युनिक्सला बगल. त्यानंतर आम्ही पिळायचो त्यातले बरेच स्क्रू डेटाबेसच सांभाळू लागला. २०१६ साली अॅमेझॉनने आपल्या क्लाउडचं मुंबई केंद्र सुरू केलं. तिथल्या नेटवर्क फाइल सेवेसाठी ते जी जोडणीची ओळ सुचवतात, तीत गठ्ठ्याचा आकार ८ केबीवरून १ एमबीवर गेलाय, टीसीपी तर गृहीतच धरलंय, आवृत्ती ४.१ आहे. आणि मध्ये स्वल्पविरामांच्या बेचक्यात 'हार्ड' हा शब्द अजून तसाच आहे.